पेगामागाबो : आकडा आणि पदके

फ्रान्सिस पेगामागाबो याचे नाव निघाले की ३७८ हा आकडा सांगितला जातो. पहिल्या महायुद्धात या कॅनेडियन नेमबाजाने इतके शत्रू टिपले, अशी ख्याती; परंतु तिला अधिकृत नोंदीचा आधार नाही. त्याच्या कौशल्याविषयी अर्थातच शंका नको. जॉर्जियन उपसागराकाठी शिकार व मासेमारी करीत वाढलेला हा ओजिब्वे तरुण १९१४ मध्येच सैन्यात दाखल झाला होता. मात्र ‘मिलिटरी मेडल’ आणि त्यावरील दोन ‘बार’, म्हणजे तेच पदक आणखी दोनदा, ज्या कामगिरीबद्दल मिळाले ती निराळीच आहे : १९१५ च्या लढायांत निरोप पोचविणे, १९१७ मध्ये पाशेंडेल येथे बगलेच्या तुकड्यांशी संपर्क राखणे व गोंधळात सापडलेल्या बदली तुकडीस जागेवर नेणे, १९१८ मध्ये भर माऱ्यात दारूगोळा आणणे.

युद्धोत्तर चरित्राकडे आकडा सांगणारे क्वचितच वळतात. १९२१ साली तो पॅरी बेटावरील आपल्या समाजाचा प्रमुख झाला. पुढे १९३३ पासून आदिवासी व्यवहार खात्यास लिहावयाचे पत्र स्थानिक सरकारी एजंटामार्फतच धाडावे लागे. आणि त्याची तक्रार अनेकदा त्या एजंटाविरुद्धच असे. १९५२ मध्ये तो वारला.