तिजोरी किती मिनिटांची?

तीन-चार हजार रुपयांत हल्ली घरपोच तिजोरी मिळते. आकड्यांची बटणं, लाल-हिरवे दिवे, चार बॅटऱ्या आणि सोबत दोन किल्ल्या. वजन सात-आठ किलो. दिवाळीच्या आधी किंवा गावाला जायच्या आधी आपल्यासारखी नोकरदार मंडळी ती मागवतात, कपाटात साड्यांच्या मागे ठेवतात आणि निर्धास्त होतात. मग कोणीतरी हळूच विचारतं, "काय रे, ही खरंच सेफ असते का?"

माझ्या मते प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. कुठलीही तिजोरी कायमची सेफ नसते. ती काही मिनिटांची असते. दोन मिनिटांची, पंधरा मिनिटांची, तासाभराची. ही गोष्ट कळायला जगाला बरीच वर्षं लागली आणि त्याची किंमत लंडनच्या एका जवाहिऱ्याने मोजली. त्याच्यापर्यंत जायचं तर आधी कुलपांपासून सुरुवात करायला हवी.

अभेद्य कुलपांचा जमाना

जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. काही वर्षांनी पिकॅडिलीमधल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत त्याने एक कुलूप मांडलं आणि सोबत आव्हान लिहिलं: हे हत्याराने उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा. कुलूप तिथे साठ वर्षं होतं. ब्रामा वारला, पण बक्षीस तसंच पडून राहिलं.

दुसरं नाव चब. १८१७ साली पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली, तेव्हा सरकारने खऱ्या किल्लीशिवाय उघडणारच नाही अशा कुलपासाठी १०० पौंडांचं बक्षीस लावलं. जेरेमाया चबने १८१८ साली ते मिळवलं. त्याच्या कुलपाची गंमत अशी, की कोणी चुकीच्या हत्याराने आतली पट्टी जरुरीपेक्षा जास्त उचलली तर कुलूप अडकून बसायचं. मालकाची स्वतःची किल्लीसुद्धा मग लगेच लागायची नाही. म्हणजे कोणीतरी हात लावून गेलंय हे मालकाला समजायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'फेल्ड लॉगिन अटेम्प्ट' नोंदवणारं हे कुलूप! पोर्ट्समथला तुरुंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या जहाजावर कुलपं उघडण्यात तरबेज असलेला एक कैदी होता. हे उघडलंस तर शिक्षा माफ, असं त्याला सांगितलं होतं. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले.

तर असा हा निश्चिंतीचा काळ. इंग्लंडमध्ये घरमालक, बँकवाले, सरकार सगळेच निवांत होते. मग १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं आणि न्यूयॉर्कच्या एका कुलूप कंपनीतर्फे आल्फ्रेड हॉब्स नावाचा माणूस तिथे आला. जुलै महिन्यात त्याने साक्षीदारांसमोर चबचं कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडलं आणि पुन्हा बंदही करून दाखवलं. त्यातली मेख अशी, की चोर पकडण्यासाठी बसवलेल्या त्या यंत्रणेचाच त्याने उपयोग करून घेतला. कुलूप कुठे अडकतं यावरून कुठली पट्टी किती उचलायची हे त्याला कळत गेलं. म्हणजे एरर मेसेज वाचून पासवर्ड शोधण्यातला प्रकार. त्यानंतर तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम केलं आणि २०० गिनी घेऊन गेला.

लोक चिडले. हे सगळं जाहीर करून तुम्ही चोरांना शिकवताय, असा आरोप झाला. हॉब्सचं उत्तर साधं होतं. चोर आपल्या धंद्यात हुशारच असतात, त्यांना हे आधीच माहीत असतं. माहीत नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्या सरळ माणसाला. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी उघड कराव्यात की लपवाव्यात यावर आपल्या क्षेत्रात जो वाद चालतो, तो हाच. फक्त दीडशेहून अधिक वर्षं जुना.

चोराला कुलूप उघडायचंच नव्हतं

पण या सगळ्या चर्चेत एक मुद्दा राहून गेला. हॉब्स सभ्य माणूस होता, तो कुलूप उघडत होता. चोराला काय, दार निघाल्याशी मतलब.

कॉर्नहिल ही लंडनच्या जुन्या व्यापारी भागातली रस्त्यावरची जागा. तिथे जॉन वॉकर नावाच्या जवाहिऱ्याचं दुकान होतं. माणूस काळजी घेणारा. भिंतींना लोखंडी पत्रा, नामांकित मिलनर कंपनीची तिजोरी आणि रात्रभर गॅसचा दिवा चालू. दुकानाच्या फळ्यांना फटी ठेवलेल्या, म्हणजे गस्तीच्या पोलिसाला रस्त्यावरून डोकावून तिजोरी बघता यावी. आजच्या सीसीटीव्हीचाच हा पूर्वज.

४ फेब्रुवारी १८६५, शनिवार. संध्याकाळी दुकान बंद झालं. थॉमस कॅस्ली आणि त्याचे साथीदार त्याच इमारतीत शिरले. पत्र्याच्या भिंतीतून जमेना, म्हणून खालच्या शिंप्याच्या दुकानातून वर छत फोडून आले. पत्रा भिंतींना होता, जमिनीला नव्हता! मग तिजोरीचं काम. कुलपाला त्यांनी हातही लावला नाही. दार आणि चौकट यांच्या फटीत आधी बारीक पाचर, मग जरा जाड, मग आणखी जाड, आणि शेवटी पहार. बाहेर त्यांचा एक माणूस पहाऱ्यावर. पोलीस दिसला की इशारा, की आत सगळे लपणार. पोलीस फटीतून बघणार, तिजोरी जागेवर आहे ना, दिवा चालू आहे ना, झालं, पुढे जाणार. तो गेला की काम पुन्हा सुरू. सोमवारी सकाळी वॉकर दुकानात आला तेव्हा सुमारे सहा हजार पौंडांची घड्याळं आणि दागिने गेले होते.

चोर पुढे पकडले गेले. वॉकरने मात्र आणखी एक गोष्ट केली. त्याने मिलनर कंपनीवर दावा लावला. तुम्ही चोराला दाद न देणारी तिजोरी म्हणून विकलीत आणि ती उघडली, असं त्याचं म्हणणं. साक्षीला चक्क कॅस्लीलाही तुरुंगातून आणलं. निकाल लागला तो कंपनीच्या बाजूने.

वॉकरबद्दल वाईट वाटतं, पण निकालामागचा विचार पटतो. माणसाने बनवलेली पेटी माणूस फोडू शकणारच, फक्त त्याला वेळ आणि हत्यारं किती मिळतात एवढाच प्रश्न. कॅस्लीला अख्खा शनिवार-रविवार मिळाला होता. पोलीस दर काही मिनिटांनी यायचा, पण आत न येता परत जायचा. तिजोरीने मिळवून दिलेली मिनिटं वापरणारं कोणी नव्हतं.

मिनिटांचा हिशेब

पुढे तिजोरीवाले शहाणे झाले. दाराची फट बारीक झाली, चारही बाजूंनी खिट्ट्या आल्या, पाचर शिरू नये म्हणून दार आणि चौकट एकमेकांत अडकू लागले. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने तिजोऱ्यांना चक्क मिनिटांत मार्क द्यायला सुरुवात केली. 'टीएल-१५' म्हणजे हातातली आणि विजेवर चालणारी हत्यारं घेऊन तज्ज्ञांनी हल्ला केला तर १५ मिनिटं टिकणारी. 'टीएल-३०' म्हणजे ३० मिनिटं. ही मिनिटं निव्वळ कामाची. हत्यार खाली ठेवलं की घड्याळ बंद. आणि हल्ला करणाऱ्यांच्या हातात तिजोरीचे नकाशे आधीच दिलेले असतात. तेव्हा प्रत्यक्षातल्या चोराला साधारणपणे जास्तच वेळ लागेल.

आता आपल्या कामाची गोष्ट. याच संस्थेचा घरगुती तिजोऱ्यांसाठी वेगळा दर्जा आहे. त्याची पहिली पायरी कोणती? स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, छोटी पहार अशा साध्या हत्यारांनी एका माणसाने हल्ला केला तर पाच मिनिटं टिकणे. बस. आणि तीन-चार हजारांच्या पेट्यांवर हा पाच मिनिटांचा शिक्कासुद्धा सहसा नसतो.

आपल्याकडची तिजोरी

आपल्याकडे तिजोरी म्हटलं की गोदरेज. अर्देशीर गोदरेज हे मूळचे वकील. वकिली सोडली, शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा धंदा काढला, तो चालला नाही. मग १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली आणि १९०२ साली तिजोरी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. नंतरच्या आगीतून आपल्या तिजोऱ्या आतल्या मालासकट शाबूत निघाल्या, हे कंपनी पुढे वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आली.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. आगीत टिकणं वेगळं आणि चोरासमोर टिकणं वेगळं. आगीसाठीच्या पेटीत दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये उष्णता अडवणारं, तापल्यावर ओलावा सोडणारं भरण असतं. त्यामुळे आतला कागद जळत नाही. पण पहारीला पातळ पत्रा आणि भुसभुशीत भरण म्हणजे मेजवानीच. तेव्हा 'फायरप्रूफ' वाचून चोरीबद्दल निर्धास्त होऊ नये.

स्वस्त पेटीच्या आत

आता ती बटणांची पेटी घेऊ. बाजूचा पत्रा बऱ्याचदा एक-दोन मिलिमीटरचा, दार थोडं जाड. त्यामुळे दार भक्कम वाटतं आणि पाठीकडे कोणी बघत नाही. (लोखंडी भिंत आणि उघडी जमीन. वॉकरसाहेब आठवले?)

बटणं दाबल्यावर आत काय होतं? एक छोटं विद्युतचुंबक एक छोटी खिट्टी मागे ओढतं. एरवी ती एका हलक्या स्प्रिंगच्या जोरावर जागेवर असते. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये पेटीला नीट धक्का बसला तरी ही खिट्टी क्षणभर उडते. आकडा माहीत असण्याची गरजच राहत नाही. २०१२ साली मार्क टोबियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत घरी बंदुका ठेवायच्या अशा स्वस्त पेट्या तपासल्या, तेव्हा काही पेट्या लहान मुलालाही उघडता येतील अशा निघाल्या. तिथे सवाल दागिन्यांचा नव्हता, पोराच्या हातात बंदूक येण्याचा होता.

शिवाय बॅटरी संपली तर म्हणून एक 'इमर्जन्सी' किल्ली असते. आकडे कितीही अवघड ठेवा, त्या किल्लीचं कुलूप साधंच असतं. आणि ती किल्ली असते कुठे? त्याच कपाटाच्या ड्रॉवरमध्ये! कारखान्याचा मूळ आकडा न बदलणारे महाभाग वेगळेच.

आणि हे सगळं कशाला करायचं? सात-आठ किलोची पेटी चोर काखोटीला मारून घेऊन जाईल आणि घरी निवांत फोडेल. बोल्टने न आवळलेल्या पेटीची सुरक्षा शून्य मिनिटं. उलट तुम्ही घरातलं सगळं मौल्यवान एका जागी गोळा करून चोराला पॅकिंगसुद्धा करून दिलेलं असतं.

दीडशे वर्षांनी, तेच शहर

मग महागडी घेतली की काम झालं? २०१५ चा ईस्टर. कॉर्नहिलपासून फार लांब नसलेल्या हॅटन गार्डन या हिऱ्यांच्या बाजारात जमिनीखाली लॉकरांची खोली होती. बहुतेक म्हातारे असलेल्या टोळीने जोडसुट्ट्या गाठून ५० सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या भिंतीला ड्रिलने भोक पाडलं. पलीकडे लॉकरांचं कपाट होतं, ते पक्कं आवळलेलं. ते ढकलता ढकलता त्यांचं यंत्रच मोडलं आणि त्यांना परत जावं लागलं. बोल्टांनी आपलं काम केलं होतं!

त्याआधी अलार्मही वाजला होता. पोलिसांकडे निरोप गेला, पण कोणी आलं नाही. सुरक्षारक्षक आला, बाहेरून दार बघितलं, सगळं ठीक दिसलं, परत गेला. टोळी दुसऱ्या रात्री नवं यंत्र घेऊन आली आणि ७३ लॉकर फोडून गेली. कॉर्नहिलचा पोलीस आणि हॅटन गार्डनचा रक्षक यांच्यात १५० वर्षांचं अंतर आहे, पण दोघांनी केलं तेच.

मग करायचं काय?

पेटी घेऊच नका असं मी म्हणत नाही. पासपोर्ट, घराची कागदपत्रं, थोडी रोकड, लहान मुलांपासून औषधं दूर ठेवणं, हात चाळवणाऱ्या माणसाला मोह न पडू देणं, याला ती ठीक आहे. ती काँक्रीटच्या भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने आवळून घ्या. मूळ आकडा बदला. इमर्जन्सी किल्ली घराबाहेर ठेवा.

आईने दिलेल्या पाटल्या मात्र बँकेच्या लॉकरमध्ये. तिथेही डोळे उघडे ठेवून. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार लॉकरमध्ये चोरी झाली किंवा आग लागली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आजच्या भावाने त्यात तीन तोळेही बसत नाहीत. तेव्हा दागिन्यांचे फोटो आणि पावत्या जपा, विमा काढताना दागिन्यांची यादी त्यात आहे ना ते बघा.

आणि पेटी घ्यायच्या आधी एक गणित करा. दोघंही नोकरीला, मुलं पाळणाघरात, फ्लॅट सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बंद. म्हणजे चोराला ६०० मिनिटं. पेटीची मिनिटं पाच. ती पाच मिनिटं संपायच्या आत कोण येणार आहे? समोरचे काका दुपारी घरी असतात का? खालच्या वॉचमनला तुमचा फ्लॅट कुठला हे माहीत आहे का? आवाज आला तर ते नुसते बाहेरून बघून परत जाणार, की बेल वाजवणार?

या प्रश्नांची उत्तरं मिळत असतील तर ती तीन हजारांची पेटीसुद्धा बऱ्यापैकी कामाची आहे. मिळत नसतील तर तीस हजारांचीही नाही. समोरच्या काकांशी या रविवारी चहा घ्यायला हरकत नाही.