गोमुखापर्यंत कावड

शेगाव खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, कापसाला चांगली. पण विहीर खोदली की पाणी मचूळ लागतं. सातपुड्यातल्या वान धरणाचं पाणी नळाने गावोगाव पोचेपर्यंत गोडं पाणी म्हणजे कुणीतरी लांबून वाहून आणलेलं पाणी. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात अकोलीच्या शिवारातला भास्कर पाटील तहानलेल्या गजानन महाराजांना पाणी नाकारतो. पोथी ऐकताना त्याचा राग येतो. पण ते पाणी त्याने स्वतः डोक्यावर वाहून आणलं होतं, हे आपण पटकन विसरतो. पुढे कोरड्या विहिरीला झरे फुटतात तो चमत्कार. आधीचं भांडण मात्र अस्सल या मातीतलं.

पाणी वाहायची साधनं दोन. डोक्यावर चुंबळ नि घागर, किंवा खांद्यावर कावड. चुंबळ बहुतेक बायकांच्या वाट्याला आली आणि घरच्या पाण्यातच अडकली. कावडीला मात्र धर्म मिळाला, मिरवणूक मिळाली, आणि ती थेट हिमालयातल्या हिमनदीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. मला यात थोडा अन्याय वाटतो, पण मागोवा कावडीचाच घ्यायचा आहे.

वस्तू साधी. लवचिक बांबू, दोन टोकांना दोन शिंकी, त्यांत दोन भांडी. पाऊल पडलं की बांबू लवतो आणि भार त्याच्या चालीने खालीवर होतो. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ रॉजर क्रॅम यांनी १९९१ साली अशा लवत्या काठ्यांवर ओझं घेऊन धावणाऱ्यांची मोजमापं छापली. शक्ती काही वाचत नाही, पण खांद्यावर बसणारे धक्के पुष्कळ कमी होतात. कावडकऱ्याला हे कागदावर नको असतं. तो आखूड, भरभर पावलं टाकतो आणि न थांबता मानेमागून काठी फिरवून खांदा बदलतो.

ती किती जुनी? पाली विनयपिटकातल्या महावग्गात उरुवेलेच्या काश्यपबंधूंची हकिकत आहे. हे जटाधारी तापस बुद्धाचे शिष्य झाले, तेव्हा त्यांनी जटा, अग्निहोत्राचं साहित्य आणि आपल्या कावडी नेरंजरा नदीत सोडून दिल्या. म्हणजे तपस्व्याच्या संसारात कावड इतकी मुरलेली होती की संन्यासाची जुनी वाट सोडायची तर तिलाही पाण्यात टाकावं लागलं. आज कावड घेणं ही भक्ती. तिथे कावड टाकणं ही दीक्षा होती.

आपल्या डोळ्यांसमोर मात्र कावड म्हटलं की श्रावणबाळ येतो, दोन पारड्यांत आंधळे आईबाप घेऊन तीर्थाला निघालेला. गंमत अशी, की वाल्मीकि रामायणात हे चित्रच नाही. तिथल्या मुलाला नावही नाही. तो आईबापांसाठी नदीवर घागर भरायला आलेला असतो, त्या आवाजाने फसून दशरथ बाण सोडतो. कावड त्याच्या खांद्यावर नंतरच्या लोककथेने ठेवली. पाणी आणणाऱ्या मुलाचा माणसं वाहणारा मुलगा झाला. ज्या लोकांनी रोज कावडी पाहिल्या होत्या, त्यांनाच हे सुचू शकतं.

मराठीत तिला मान दिला तो पैठणने. एकनाथांच्या (१५३३–१५९९) चरित्रपरंपरेत दोन कावडी आहेत. एक श्रीखंड्याची: देव नाथांच्या घरी गडी होऊन पाणी भरतो. दुसरी उत्तरेकडून गंगेचं पाणी घेऊन रामेश्वराला निघालेली. नाथ ते पाणी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजतात. शेकडो कोस वाहिलेलं पाणी वाळवंटात एका जनावराच्या घशात ओतणं म्हणजे काय, हे ज्याने दोन घागरी मैलभर आणल्या आहेत त्याला जास्त कळेल.

गंगाजळ मागवणं ही केवळ भक्तांची हौस नव्हती. अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त लिहिलंय, की अकबर घरी नि प्रवासात गंगेचंच पाणी पिई, आणि ते मोहोरबंद भांड्यांतून येई.

महाराष्ट्रातली सर्वांत दमछाक करणारी कावड चैत्रातली, शिखर शिंगणापूरची. सासवडकडून भुतोजी तेल्याची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन निघते आणि शेवटी मुंगी घाटाचा खडा चढ चढते. तिथे माणसं एकमेकांना हातांनी धरून साखळी करतात आणि कावड वर सरकते. कावड उभ्या कातळावर चढवायची वस्तूच नव्हे. म्हणूनच तो चढ नवसाचा झाला.

शेगावच्या शेजारी अकोल्यात ती निराळ्या वळणाने वाढली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी सुमारे १८ किलोमीटर चालून राजराजेश्वराला आणतात. ही प्रथा १९४४ पासूनची सांगतात. इथे पाण्याच्या भांड्याला ‘भरणं’ म्हणतात, आणि मंडळांमंडळांत चढाओढ भरण्यांच्या संख्येची. दोन घागरींची कावड शेकडो भरण्यांचा डोलारा झाली. ती एका खांद्याची राहिलीच नाही. मला जुनी दोन भांड्यांची जास्त आवडते, पण रात्रभर अनवाणी चालून आलेल्या पोरांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

आणि गंगेच्या पाण्याच्या वरच्या टोकाला गोमुख, म्हणजे हिमनदीचं तोंड. गंगोत्रीच्या देवळापासून १८ किलोमीटर, सगळी वाट पायी. भोजवासापर्यंत भूर्जाची विरळ झाडं, पुढे नुसते दगड. दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वाढलेल्या माणसाला इथला पांढुरका ग्रॅनाइट चटकन वेगळा जाणवतो. वर भागीरथी शिखरं, ६,५४३ मीटरचं शिवलिंग, आणि दुपारनंतर दरीतून सुटणारा वारा. सुमारे चार हजार मीटर उंचीवर दम लागतो, अशा जागी उत्तरेतले कावडिये श्रावणात पाणी भरायला येतात. गिर्यारोहक पाठीवरच्या सॅकची पट्टी आवळत असतो, त्याच्या शेजारून बांबूची काठी निघून जाते.

आता तिथे दिवसाला १५० जणांनाच परवाना मिळतो. २०१६ पासून टपाल खातं गंगोत्रीचं पाणी बाटलीत भरून विकतं, त्यामुळे शेगावात बसूनही ते मिळू शकतं. आणि गोमुख स्वतःच मागे हटतंय. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडन यांनी १९३५ साली हिमनदीच्या तोंडाची पाहणी केली. तेव्हापासून १९९६ पर्यंत ते वर्षाला सरासरी १९ मीटरच्या आसपास सरकलं. म्हणजे एकसष्ट वर्षांत किलोमीटरहून जास्त. आजोबाने जिथे भांडं बुडवलं होतं, तिथून नातवाला आणखी तेवढं वर चढावं लागतं.