पदवी अर्ध्यावर का सुटते? न्यूयॉर्कच्या ‘एसॅप’ योजनेतून काय दिसले

कॉलेजात नाव घालणे वेगळे आणि पदवी हातात पडणे वेगळे. पहिल्या वर्षाला वर्ग भरलेला असतो, तिसऱ्या वर्षाला बाके रिकामी दिसतात. गेलेल्या मुलांपैकी सगळेच अभ्यासात कच्चे असतात असे नाही. कुणाचे दोन विषय राहतात आणि फॉर्म भरायचा राहून जातो, कुणाला बसचे भाडे परवडत नाही, कुणी घरच्या कामाला लागतो. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत म्हणत पदवी सुटते ती सुटतेच.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांची हीच डोकेदुखी आहे. त्यावर न्यूयॉर्क शहरात २००७ साली एक योजना सुरू झाली. तिचा नीट अभ्यास झाला, हिशेबही मांडला गेला. ती योजना म्हणजे ‘एसॅप’.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज हे दोन वर्षांचे सरकारी कॉलेज असते. फी कमी असते आणि बारावीनंतर जवळपास कुणालाही प्रवेश मिळतो. साधारण ६० श्रेयांक पूर्ण केले की ‘असोसिएट’ पदवी मिळते. त्या जोरावर नोकरी धरता येते किंवा चार वर्षांच्या कॉलेजात पुढे जाता येते. नोकरी करून शिकणारे, स्थलांतरित घरातले, लेकुरवाळे असे सगळे तिथे असतात.

भारतातही यूजीसीने कम्युनिटी कॉलेज नावाची योजना आणली आहे, पण तिचा भर कौशल्याच्या प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रमांवर आहे. नाव एकच असले तरी दोन्हींची गल्लत करू नये.

योजनेत काय मिळते?

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाला ‘क्यूनी’ म्हणतात. त्याच्या सहा कम्युनिटी कॉलेजांत महापौर कार्यालयाच्या मदतीने एसॅप सुरू झाली. पहिल्या तुकडीत १,१३२ विद्यार्थी होते. निम्म्या मुलांनी तरी तीन वर्षांत पदवी घ्यावी, हे उद्दिष्ट होते.

सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्याला मिळणारी मदत अशी होती :

• स्वतःचा सल्लागार. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी असत. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हाच आकडा ६०० ते १,५०० होता.
• शिष्यवृत्ती आणि फी यांत फरक राहिला तर तेवढी फी माफ.
• पाठ्यपुस्तके मोफत.
• बस आणि भुयारी रेल्वेसाठी दर महिन्याचा पास.
• शिकवणी, नोकरीविषयक मार्गदर्शन आणि सोयीच्या वेळेत लागोपाठ वर्ग.

त्या बदल्यात विद्यार्थ्यानेही काही पाळायचे होते. प्रत्येक सत्रात किमान १२ श्रेयांकांचे पूर्णवेळ शिक्षण घ्यायचे. गणित, वाचन, लेखनाचे पूरक वर्ग लागू असतील तर ते सुरुवातीलाच उरकायचे. सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटायचे. महिन्याचा पास या अटी पाळण्यावरच अवलंबून असे. पासासाठी का होईना, मूल सल्लागारासमोर येऊन बसे आणि अडचण लवकर कळे.

निकाल काय लागला?

योजना चांगली वाटणे वेगळे आणि तिचा उपयोग झाला हे सिद्ध होणे वेगळे. म्हणून एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी घेतले. सगळे कमी उत्पन्न गटातले आणि पूरक वर्गांची गरज असलेले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला एसॅप मिळाली, दुसऱ्याला कॉलेजात एरवी मिळणाऱ्या सोयी मिळाल्या. त्यामुळे हुशार मुले एकीकडे आणि कच्ची दुसरीकडे, असा आक्षेप घ्यायला जागा राहिली नाही.

तीन वर्षांनंतर एसॅपच्या गटातल्या ४०.१ टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली, दुसऱ्या गटातल्या २१.८ टक्के. प्रमाण जवळपास दुप्पट झाले. पहिल्या वर्षात एसॅपचा विद्यार्थी सल्लागाराला सरासरी ३८ वेळा भेटला, दुसऱ्या गटातला ६ वेळा.

आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. फीमाफीची गरज फार थोड्यांना पडली. बहुतेकांची फी सरकारी शिष्यवृत्तीतून आधीच भागत होती. म्हणजे फी भरूनही ही मुले गळत होती. अडत होते ते पुस्तकांवर, प्रवासावर, वेळापत्रकावर आणि ‘आता काय करू?’ हे विचारायला कुणी नसण्यावर.

खर्चाचा हिशेब

एसॅपवर तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जादा खर्च आला. नेहमीच्या खर्चापेक्षा हा सुमारे ६३ टक्के जास्त. एवढे ऐकले की कुठलाही अर्थखात्याचा बाबू फाईल बाजूला ठेवेल. पण हिशेब इथे संपत नाही.

समजा, नेहमीच्या पद्धतीत एका विद्यार्थ्यावर १०० रुपये खर्च होतात आणि एसॅपमध्ये १६३. शंभर विद्यार्थ्यांमागे एकीकडे १०,००० रुपये जातात आणि साधारण २२ पदवीधर बाहेर पडतात. दुसरीकडे १६,३०० रुपये जातात आणि ४० पदवीधर होतात. एका पदवीधरामागे पहिल्या पद्धतीत सुमारे ४५० रुपये पडतात, दुसऱ्या पद्धतीत सुमारे ४०७. संशोधकांच्या नेमक्या हिशेबातही दर पदवीमागचा खर्च ११.४ टक्क्यांनी कमीच आला. जो विद्यार्थी मधेच गळतो, त्याच्यावरचा खर्चही शेवटी सरकारलाच पडतो. तो वहीत वेगळा दिसत नाही, इतकेच.

दुसऱ्या राज्यात चालली का?

न्यूयॉर्कसारख्या शहरात जमले ते इतरत्र जमेल का, हा प्रश्न होताच. ओहायो राज्यातल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी २०१४ पासून हाच साचा वापरला. तिथे पासाऐवजी पेट्रोल किंवा किराण्यासाठी महिन्याला ५० डॉलरचे कार्ड दिले. तीन वर्षांनंतर योजनेतल्या ३५ टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली, बाहेरच्या १९ टक्के. सुविधा जागेनुसार बदलली, पण तत्त्व तेच ठेवले आणि निकालही जवळपास तसाच आला.

मर्यादाही आहेत. ही योजना पूर्णवेळ शिकू शकणाऱ्यांसाठी आहे. पोटापाण्यासाठी दिवसभर राबून एखाददुसरा विषय घेणारा तिच्यात बसत नाही. शिवाय न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासात सहा वर्षांनंतरही एसॅप गटातल्या जेमतेम निम्म्यांनीच पदवी घेतलेली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास होते.

सीमाभागासाठी यात काय?

आपल्याकडे चर्चा होते ती प्रवेशाची. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातल्या काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत तरतूद आहे, आणि ती हवीच. पण प्रवेशानंतर मुलाचे काय होते, याची नोंद ठेवायला कुणी नसते. खानापूर तालुक्यातल्या आडगावातून बेळगावला येणाऱ्या मुलाची सकाळची एक बस चुकली की दिवस गेला. कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे. मुलींचा तेवढा भार उतरला, पण मुलांना पास काढावाच लागतो. त्यात घरी मराठी, कॉलेजात कन्नड किंवा इंग्रजी. अशा मुलाला पहिल्या सत्रात एखादा विषय जड गेला, तर सांगायचे कुणाला?

गरीब मुलांना पदवीपर्यंत नेण्याचा विचार मराठी मुलखाला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ रुजवले. मुलाची राहण्या-जेवणाची सोय आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारे माणूस, दोन्ही त्यात होते.

एसॅपची पूर्ण नक्कल करायला पैसा लागेल. पण काही गोष्टी कॉलेज, माजी विद्यार्थी आणि गावातली मंडळे मिळून आजही करू शकतात. ६०-७० मुलांमागे एक प्राध्यापक ठरवावा आणि महिन्यातून दोनदा भेट सक्तीची करावी. बसपासाला मदत द्यावी, पण ती त्या भेटीला जोडून. जुनी पुस्तके गोळा करून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात वाटावीत. राहिलेले विषय सुट्टीतच सोडवून घ्यावेत. आणि एखादा मुलगा सलग आठवडाभर दिसला नाही, तर त्याच्या घरी फोन करावा.

यातले एकही काम अवघड नाही. मात्र ती एकत्र आणि तीन वर्षे न चुकता व्हावी लागतात.