सातारा शहरातील जुनी दप्तरे व आपल्या ज्ञातीचा इतिहास

संतशिरोमणी नामदेव महाराजांचे पुण्यस्मरण आपल्या स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात होते आणि ते सर्वथा उचितच आहे. परंतु नामदेवरायांपासून आपल्या पणजोबांपर्यंतची जी मधली सहाशे वर्षे, त्यांविषयी आपण बहुधा मौन बाळगतो. या काळात शिंपी समाजाची घराणी कोणत्या गावी राहिली, साताऱ्याच्या कोणत्या पेठेत केव्हा येऊन वसली, त्यांपैकी अक्षरओळख प्रथम कोणास झाली, या प्रश्नांची उत्तरे पोथ्यांत सापडत नाहीत. ती दप्तरांत आहेत. ही दप्तरे कशी निर्माण झाली, आज ती कोठे आहेत आणि सामान्य गृहस्थाने ती कशी मागावीत, हे ज्ञातिबांधवांपुढे मांडावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. जातीचे दाखले व त्यांची पडताळणी यांविषयी महाराष्ट्रात २००० सालचा कायदा लागू आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक धरला जातो व त्यापूर्वीचा लेखी पुरावा मागितला जातो. मुलगा गुणी असतो, परीक्षेत उत्तम गुण मिळवितो. परंतु आजोबांच्या नावाची एक ओळ वेळेवर हाती न आल्यामुळे प्रवेशाची मुदत निघून जाते. ती ओळ बहुधा कोठेतरी असते. ती कोठे पाहावी हेच घरात कोणास ठाऊक नसते.

साताऱ्याच्या दप्तरांची परंपरा मोठी आहे. शाहू महाराजांच्या राजधानीचे हे शहर. १८१८ साली पेशवाई लयास गेल्यावर छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य येथे इंग्रजांच्या देखरेखीखाली सुरू झाले व कॅप्टन जेम्स ग्रांट डफ हे येथे पहिले इंग्रज अधिकारी म्हणून आले. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गावगाड्याचे वर्णन करताना त्यांनी अलुतेदारांच्या यादीत शिंप्याचा समावेश केला आहे. १८४८ साली राज्य खालसा झाले. जुन्या राज्यकारभाराचे पुष्कळसे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात असून तेथील एक विभाग ‘शाहू दप्तर’ याच नावाने ओळखला जातो. हे कागद मोडीत आहेत व रुमालांत बांधलेले आहेत. त्यांत आपले आडनाव शोधू जाणाऱ्याची बहुधा निराशा होईल. कारण तेथे माणूस नाव, बापाचे नाव व व्यवसाय यांनीच ओळखला जातो. ‘शिंपी’ हा शब्द मोडीत ‘सिंपी’ असाही लिहिलेला आढळतो, हे ध्यानी ठेवावे.

सामान्य कुटुंबास अधिक उपयोगाची दप्तरे ही त्यानंतरची होत. सातारा नगरपालिका १८५३ साली स्थापन झाली. शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदी व घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदवह्या यांसाठी प्रथम तेथेच चौकशी करावी. खेड्यापाड्यांतील जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये होत. त्यासच लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. या जुन्या वह्यांत जातीचा रकाना असे. १९६९ च्या कायद्याखाली मिळणाऱ्या आजच्या जन्मदाखल्यात जात नसते. म्हणूनच त्या जीर्ण वह्यांचे मोल एवढे मोठे आहे. त्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहावयास मिळतात. शेतजमिनीचे हक्कनोंदणीचे दप्तर मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाले. जुने सातबारे व फेरफार ही त्याचीच फळे. शहरातील घरजागेसाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका व तिच्या मागील चौकशी नोंदवही पाहावी. घर किंवा जमीन विकत घेतली असल्यास दुय्यम निबंधकांकडील नोंदणीकृत दस्त शोधावा. जुन्या खरेदीखतांत उभय पक्षांची जात, धंदा व राहण्याचे ठिकाण पुष्कळदा लिहिलेले असते.

आता शाळेच्या दप्तराविषयी. शाळेत हयात घालविलेल्या माणसास त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. रजिस्टरातील अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि त्या एका ओळीच्या आधारे महाराष्ट्र शासनाने २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्यास प्रारंभ केला. ज्या कारकुनाने किंवा शिक्षकाने ती ओळ लिहिली, त्यास आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पना नव्हती. आपल्या आजोबांची ओळही अशीच कोणा शिक्षकाने निरपेक्षपणे लिहून ठेवली आहे. तिच्यासाठी शाळेकडे ‘निर्गम उतारा’ मागावा. मात्र शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारीख प्रमाण मानताना सावध असावे. तारीख ठाऊक नसलेल्या मुलांना १ जून ही जन्मतारीख देण्याची पद्धत आमच्या व्यवसायात सर्रास होती. तारखेसाठी जन्मनोंदवही श्रेष्ठ. जात व मूळ गाव यांसाठी शाळेचे रजिस्टर उपयुक्त.

शोधकर्त्यांची फसगत बहुधा हद्दींच्या फेरबदलामुळे होते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. तेव्हा तासगाव, खानापूर, वाळवे या बाजूंची घराणी ‘सातारा जिल्हा’ हे जुने शब्द वाचून साताऱ्यास हेलपाटे घालतात, ते व्यर्थ होत. फलटण हे १९४८ पर्यंत संस्थान होते, म्हणून तत्पूर्वीचे कागद संस्थानच्या दप्तरातले. तसेच १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वये जेथे योजना अमलात आली, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ आधी घातल्यावाचून जुना सातबारा मिळणे दुरापास्त असते.

अर्ज कसा करावा? ‘आमची सर्व जुनी कागदपत्रे द्यावीत’ असा अर्ज म्हणजे कारकुनास नकार देण्याची सोय करून देणे होय. अर्जात व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, पेठ किंवा गाव, अदमासे पाच-दहा वर्षांचा काळ, नोंदवहीचा प्रकार व त्या व्यक्तीशी आपले नाते इतके स्पष्ट लिहावे. प्रथम नकलेचा साधा अर्ज करून रीतसर फी भरावी व पोच घ्यावी. दाद न लागल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा आश्रय करावा. दहा रुपये फी, एका अर्जात एकच विषय व तोही दीडशे शब्दांच्या आत, ही महाराष्ट्राची रीत आहे. तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असून, न दिल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील करता येते. ‘नोंद नाही’ हे उत्तर तोंडी स्वीकारू नये. ते लेखी घ्यावे. सार्वजनिक अभिलेखांच्या जतनासाठी महाराष्ट्राने २००५ साली स्वतंत्र अधिनियम केला आहे. दप्तर ही कोणा एका कारकुनाची मालमत्ता नाही, हे त्याचे तात्पर्य. तथापि हक्क मागताना भाषा सौम्य असावी. धुळीने भरलेल्या खोलीत शिडीवर चढून आपल्यासाठी बस्ता काढणारा शिपाई हाही कोणाचा तरी मुलगा असतो.

माताभगिनींसाठी एक सूचना. विवाहानंतर नाव पालटते, परंतु जातीचा पुरावा पित्याच्या घराण्यातूनच द्यावा लागतो. म्हणून कन्येस सासरी पाठविताना तिच्या जन्मनोंदीची व शाळेच्या दाखल्याची प्रत दागिन्यांइतक्याच काळजीने तिच्या हाती द्यावी.

याहून महत्त्वाची सूचना तरुणांना आहे. रजिस्टरात नुसते ‘हिंदू’ लिहिले आहे, म्हणून पुढे नव्या शाईने ‘शिंपी’ हा शब्द घालण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने तो तेथेच आवरावा. खोट्या दाखल्यास कायद्यात कारावासाची शिक्षा आहे हे तर खरेच. परंतु तो मुख्य मुद्दा नव्हे. एका खाडाखोडीने त्या पानावरील इतर वीस निरपराध कुटुंबांच्या नोंदी संशयास्पद होतात. एक नोंद अपुरी असेल तर चुलत्याची, आत्याची, पणजोबांची दुसरी खरी नोंद शोधावी. खऱ्यास साक्षीदार पुष्कळ असतात.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे हे सर्वांच्या प्रत्ययास आले. आपल्या मंडळाने दरवर्षी निदान दोन तरुणांना मोडीच्या वर्गास पाठवावे. शासनाचे पुराभिलेख संचालनालय असे वर्ग चालविते. दुसरे, प्रत्येक घराने आपल्याजवळील खरेदीखत, दाखला, जुनी पत्रिका यांची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी व तिच्या पाठीवर गाव, साल आणि ती कोणत्या कार्यालयातून मिळाली हे लिहावे. आपले वाडवडील टाचून ठेवलेला कपडा शिवल्यावाचून सोडीत नसत. त्यांच्या घराण्याची पाने आज निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली आहेत. ती वाळवीच्या आधी आपल्या हाती यावीत, एवढे काम या पिढीने अंगावर घ्यावे, ही सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.