तळघरात उतरलेली द्राक्षे

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची द्राक्षे बाजारात स्वस्त झाली, की कोणी ना कोणी मला हमखास विचारते, "अहो, घरच्या घरी वाइन करता येते का हो?" विचारणारा आधी इकडेतिकडे बघतो आणि मग आवाज खाली आणतो. मी पडलो इतिहासाचा माणूस. सरळ उत्तर द्यायचे सोडून मी एक गोष्ट सांगत बसतो. गोष्ट अमेरिकेतली आहे. पण वाइन घरी कशी होते आणि विचारणाऱ्याचा आवाज खाली का येतो, ही दोन्ही उत्तरे तिच्यात आहेत.

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत देशभर दारूबंदी अमलात आली. ही काही चार लहरी माणसांची कल्पना नव्हती. तिथल्या 'सलून'मध्ये, म्हणजे गुत्त्यांमध्ये, कामगाराचा आठवड्याचा पगार संपायचा आणि मार बसायचा तो घरच्या बायकामुलांना. म्हणून या चळवळीत बायका आघाडीवर होत्या; त्यांची ख्रिस्ती महिला संघटना १८७४ पासून हे काम करत होती. आपल्याकडे ज्या बायकांनी गावात मतदान करून 'बाटली आडवी' केली, त्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको. गुत्ता बंद झाला की घर वाचेल, असा तो साधा हिशेब होता.

बंदीचा तपशील ठरवणारा व्होल्स्टेड कायदा १९१९ मध्ये झाला. अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असेल तर ते पेय निषिद्ध, असा त्याचा कडक दंडक. पण त्याच कायद्यातल्या २९ व्या कलमात एक सवलत होती. सफरचंदाचा व इतर फळांचा रस कोणी फक्त घरच्या वापरासाठी तयार केला, तर त्याला शिक्षा होणार नव्हती. अट एवढीच की रस 'नशा न आणणारा' असावा. इथे मात्र टक्केवारीचा उल्लेख नव्हता! त्यात महसुलाच्या जुन्या नियमानुसार कुटुंबप्रमुखाला घरापुरता वर्षाला २०० गॅलन रस करता येत असे. २०० गॅलन म्हणजे साधारण ७५७ लिटर. आजच्या पाऊण लिटरच्या बाटलीने मोजले, तर हजारभर बाटल्या. रोजच्या जवळजवळ तीन!

शेतकऱ्याला ही मुभा, मग शहरातल्या माणसाने काय घोडे मारले, असा प्रश्न बाल्टिमोरचे काँग्रेस सदस्य जॉन फिलिप हिल यांना पडला. त्यांनी भर शहरातल्या आपल्या घराला 'फार्म' म्हणायला सुरुवात केली, तिथे वाइन आणि सायडर तयार केली आणि त्याचा मुद्दाम गाजावाजा केला. अपेक्षेप्रमाणे खटला भरला गेला. १९२४ मध्ये न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले, की घरच्या रसाला अर्ध्या टक्क्याचा नियम लावता येणार नाही. तो खरोखर नशा आणतो का, एवढेच पाहा. ज्यूरीने हिल यांना निर्दोष सोडले. कायद्याची फट आता सगळ्यांनाच दिसली.

तोवर कॅलिफोर्नियात विलक्षण घडत होते. वाइनचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते आणि द्राक्षबागा मात्र वाढत होत्या. बर्फाने गार ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून द्राक्षांच्या पेट्या शिकागो, न्यूयॉर्कपर्यंत जात आणि तिथे त्यांचे लिलाव होत. इटलीहून आलेली कुटुंबे पेट्या घरी नेऊन तळघरात उतरवत. त्यांना यात शिकायचे काही नव्हते. आपल्याकडे लोणचे घालावे तसे ते वर्षाचे काम. पण आता शेजारपाजारची ज्यांनी जन्मात पिंप पाहिले नव्हते, अशी माणसेही हौसेने कामाला लागली.

करायचे काय, तर द्राक्षे चेचून सालीसकट मोठ्या भांड्यात ठेवायची. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव रसातली साखर खातो आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू करतो. रस फसफसू लागतो, साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोनतीनदा खाली दाबावा लागतो, नाही तर वर आंबटपणा धरतो. आठवड्याभराने रस गाळायचा, चोथा पिळायचा आणि रस अशा भांड्यात भरायचा, की आतला वायू बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही. हवा लागली की दुसरे जिवाणू बळावतात आणि वाइनचे व्हिनेगर होते. लुई पाश्चर यांनी १८६६ मधल्या आपल्या ग्रंथात वाइन कशाने बिघडते हे सविस्तर मांडले होते. पण तळघरातल्या नवशिक्यापर्यंत ते कोण पोचवणार? कित्येकांची पिंपे आंबून गेली असणार.

नवशिक्यांच्या या अडचणीवर धंदाही उभा राहिला. द्राक्षरस आटवून त्याच्या विटा विकायला आल्या. पाण्यात विरघळवल्यावर हा रस अमुक दिवस ठेवू नका, नाही तर त्याची वाइन होईल, अशी 'धोक्याची सूचना' सोबत असे. सूचना कसली, ती तर पाककृतीच! पुढे 'व्हाइन-ग्लो' नावाचा आटवलेला रस घरपोच मिळू लागला. तो विकणाऱ्या संस्थेच्या वकील होत्या मेबल वॉकर विलब्रँट. काही वर्षांपूर्वी याच बाई सरकारच्या वतीने दारूबंदीचे खटले चालवत होत्या. १९३१ मध्ये न्यायालयाचा निकाल अशा रसाच्या विरोधात गेला आणि ती विक्री थांबली.

डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली, पण तिचे व्रण राहिले. रेल्वेचा आठवड्याचा प्रवास सोसेल असे जाड सालीचे, गडद रंगाचे 'अलिकान्ते बूशे' हे द्राक्ष बागाईतदारांनी भरमसाट लावले होते. त्याचा रंग झकास, चव बेताची. चांगल्या वाणांच्या बागा मागे पडल्या आणि जाणते कारागीर पांगले. अमेरिकन वाइनला सावरायला पुढे काही दशके लागली.

सावरायला मदत केली ती मात्र एका हौशी माणसाने. बाल्टिमोरचे पत्रकार फिलिप वॅग्नर बंदीच्या काळात कॅलिफोर्नियाची द्राक्षे आणून घरी वाइन करत. बंदी उठताच चांगली द्राक्षे कारखान्यांकडे वळली आणि यांची पेटी बंद झाली. मग त्यांनी स्वतःच वेली लावायचे ठरवले. पूर्व अमेरिकेच्या हवेत युरोपीय वेली थंडीने आणि बुरशीने मरत, म्हणून त्यांनी फ्रान्समधले संकरित वाण आणवले, वाढवले आणि इतरांना रोपे पुरवली. घरी वाइन कशी करावी यावर त्यांचे पुस्तक १९३३ मध्येच आले होते. १९४५ मध्ये त्यांनी पत्नीसह बोर्डी व्हाइनयार्ड ही छोटी वाइनरी काढली. तळघरातल्या छंदाने एका प्रदेशाची शेती बदलली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळसाठी घरी वाइन करण्याची जुनी रीत आहे. पण १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा, नाव बदलले तरी, अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे त्यानुसार गुन्हा आहे. अमेरिकेसारखे २९ वे कलम आपल्याकडे नाही. विचारणाऱ्याचा आवाज खाली येतो तो त्यामुळे. म्हणून मी त्याला सांगतो, आधी परवान्याचे बघा, मग पिंपाचे.

आणि आणखी एक सांगतो. घर वाचावे म्हणून ज्यांनी गुत्ते बंद केले, त्यांच्या कायद्यानेच पिंप घरात आणून ठेवले, हे खरे. पण म्हणून त्या बायकांचे दुःख खोटे ठरत नाही. रोजच्या तीन बाटल्यांची मुभा वापरणाऱ्या तळघरातही कोणाची तरी बायको रात्री जागी असेलच. इतिहासाने वॅग्नर यांचे नाव लिहून ठेवले, तिचे नाही. छंदाची गोष्ट सांगताना मला तीही आठवते.