बॉनेटखालचा मळ

मोटारीचा रंग, तिच्या गाद्या व तिचे दिवे यांविषयीं लोक हौसेनें बोलतात. बॉनेटखालच्या मळाकडे मात्र इतिहासकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. वस्तुतः वैद्य जशी जीभ पाहतो, तसा जुना मोटारवाला तो मळ पाहत असे.

आरंभीं झांकण्याचा प्रश्नच नव्हता. १८८८ च्या ऑगस्टांत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांस घेऊन, पतीस न विचारतां, त्यांच्याच तीनचाकी मोटारींतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां टोपीची टांचणी काढून त्यांनीं ती मोकळी केली, असें सांगतात. घरच्या माणसानें एंजिन साफ केल्याचें याहून जुनें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं! पुढें १९०८ पासून १९२७ पर्यंत फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या दीड कोटीहून अधिक निघाल्या. मोटार सामान्य गृहस्थाच्या दारीं आली, आणि फडकेंहि त्याच्याच हातीं आलें. आपल्याकडे श्रीमंतांनीं त्यासाठीं स्वतंत्र माणूस ठेवला. मालट्रकवर ड्रायव्हरबरोबर बसणाऱ्यास आपण अजून ‘क्लीनर’ म्हणतों, त्यांत ही जुनी कामगिरी शिल्लक आहे.

परंतु एंजिन इतकें मळे कां? दट्ट्याच्या कडेनें कांहीं जळका वायु खालीं तेलाच्या भागांत उतरतो. तो सांठून राहूं नये म्हणून एका उघड्या नळीनें बाहेर सोडून देत. त्याबरोबर तेलाची वाफ येई, ती एंजिनाच्या खालच्या अंगास बसे, आणि तिच्यावर रस्त्याची धूळ. याखेरीज बुचाच्या गास्किटांतून तेल पाझरे तें निराळेंच. ही नळी बंद झाली ती मालकांच्या सोयीसाठीं नव्हे. लॉस एंजेलिसच्या हवेंत डोळ्यांची आग करणारें धुकें दाटूं लागलें. तें बव्हंशीं मोटारींच्या व तेलकारखान्यांच्या वायूंपासून होतें, असें हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखविलें. मग तो वायु पुन्हां एंजिनांतच नेऊन जाळण्याची व्यवस्था १९६१ च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियांत झाली. शहराच्या फुफ्फुसांकरितां योजलेल्या या उपायानें बॉनेटखालचा बराच मळ आपोआप गेला.

आमच्या लहानपणीं मात्र कुर्ल्याच्या कारखान्यांतली फियाट घरोघर होती, आणि रविवारचा तो सोहळा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. एंजिन पुरतें निवूं द्यावयाचें. बॅटरीची तार सोडावयाची. रॉकेलांत बुडविलेल्या ब्रशानें कोपरान् कोपरा घासावयाचा. शेवटीं कोरड्या फडक्यानें पुसावयाचें. पेट्रोल वापरण्यास वडिलांची सक्त मनाई होती, आणि ती योग्यच होती. एकदां आम्हीं उत्साहाच्या भरांत नळाचें पाणी सोडलें. तें डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत शिरलें, आणि सोमवारीं वडील बसनें कचेरींत गेले.

वडील पुसलेलें एंजिन दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहत. स्वच्छ लोखंडावर एक ओला डाग दिसला, कीं गळती नेमकी कोठें आहे तें कळे. हाच गुण उलटहि वापरतां येतो: गाडी विकावयाची झाली, कीं कांहीं लोक आदल्या संध्याकाळीं एंजिन धुऊन चकचकीत करतात, आणि सगळा पुरावा गटारांत जातो. म्हणून वडिलांनीं दुसऱ्याची फार लखलखीत गाडी कधीं घेतली नाहीं.

आतां बॉनेट उघडलें, कीं पुष्कळ गाड्यांत काळें प्लॅस्टिकचें झांकण दिसतें. भोंवतीं विजेचे नाजूक जोड. जोराचें पाणी मारावयाचें नाहीं, ओलसर कापडानें पुसावयाचें, एवढेंच काम उरलें आहे. वडील आतां ऐंशीच्या पुढें आहेत. आमच्या नव्या गाडीखालीं ते रात्रीं वर्तमानपत्र पसरून ठेवतात, आणि सकाळीं चष्मा लावून त्यावर थेंब शोधतात.