टर्बोचार्जरच्या तेलनळ्या घरी बदलताना

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने इंजिनात अधिक हवा कोंबायची, हे टर्बोचार्जरचे तत्त्व. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. आज लहान डिझेल मोटारींपासून एक लिटरच्या पेट्रोल इंजिनांपर्यंत हे यंत्र पोहोचले आहे. त्याचा दांडा मिनिटाला लाख-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक मोटारींत तो तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतो. हा थर काही सेकंद जरी तुटला, तरी दांडा व बेअरिंग यांची झीज सुरू होते. म्हणून टर्बो निकामी झाला की दोष प्रथम तेलाच्या वाटेत शोधावा. चोंदलेल्या नळीवर नवा टर्बो बसवणे म्हणजे काही हजार रुपये पुन्हा पाण्यात घालणे होय.

दोन नळ्या, दोन स्वभाव

तेल आणणारी नळी बारीक असते. इंजिनातील दाबाचे तेल ती टर्बोला पुरवते. तेल परत नेणारी नळी मात्र जाड असते, कारण बेअरिंगमधून बाहेर पडलेल्या तेलाचा दाब संपलेला असतो आणि त्यात फेस झालेला असतो. ते केवळ स्वतःच्या वजनाने तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. म्हणून या नळीला सलग उतार हवा. ती कोठे दबलेली किंवा खाली झोळ पडलेली नसावी. ती तुंबली, किंवा चेंबरमध्ये तेल प्रमाणाबाहेर भरले, तर टर्बोतील तेल दांड्याच्या कडांनी बाहेर झिरपते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. अशा वेळी निर्दोष टर्बोवरच ठपका येतो.

कामापूर्वीची तयारी

आपल्या मोटारीच्या नेमक्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका जवळ असावी. बोल्ट किती आवळायचा, याचे आकडे तिच्यातूनच घ्यावेत. नवी पुरवठा नळी, तांब्याचे नवे वायसर, परतीच्या नळीचे नवे गॅस्केट, ऑइल फिल्टर आणि योग्य प्रतीचे इंजिन ऑइल आणावे. जुनी पुरवठा नळी धुऊन वापरू नये. एक्झॉस्टच्या उष्णतेने तिच्यात तेल करपून कार्बनचा थर बसतो आणि तो पूर्ण निघाला की नाही, हे बाहेरून कळत नाही. काही इंजिनांत नळीच्या पोकळ बोल्टमध्ये बारीक जाळी असते, तीही तपासावी.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. मोटारीखाली जायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. जमीन सपाट व टणक असावी, चाकांना अडसर लावावेत आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी.

बसवण्याचा क्रम

१. सांधे उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी. उघडी तोंडे स्वच्छ टोपणांनी झाकावीत. वाळूचा एक कणही बेअरिंगला पुरेसा असतो.

२. जुने तेल काढून फिल्टर बदलावा. तेलात घट्ट काळा गाळ दिसल्यास चेंबर व त्यातील जाळी साफ करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग नवे तेल खुणेपर्यंत भरावे.

३. परतीच्या नळीचे गॅस्केट कोरडेच बसवावे. सीलंट लावू नये. त्याचा तुकडा सुटून तेलाची वाट अडवतो.

४. टर्बोच्या तेलाच्या छिद्रात थोडे स्वच्छ तेल ओतून चाक हाताने काही वेळा फिरवावे.

५. पुरवठा नळीचे दोन्ही बोल्ट आधी हाताने लावावेत. बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे वायसर हवेत. नळीला पीळ पडलेला नाही व ती एक्झॉस्टला टेकत नाही, याची खात्री करून मगच टॉर्क पान्याने आवळावे.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना

बॅटरी जोडून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंधनपुरवठा बंद करावा आणि थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारावा. तेलदाबाचा दिवा विझला की तेल नळ्यांत पोहोचू लागले, असे समजावे. त्यानंतर इंधन जोडून इंजिन सुरू करावे, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. तीन-चार मिनिटे ते मंद चालू ठेवून प्रत्येक सांधा विजेरीने पाहावा. एक थेंब जरी दिसला, तरी इंजिन बंद करावे. तापलेल्या टर्बोवर पडलेले तेल पेट घेऊ शकते. इंजिन थांबवल्यावर काही वेळाने डिपस्टिक पाहून पातळी भरून घ्यावी आणि छोट्या फेरीनंतर सांधे पुन्हा तपासावेत.

नंतरची काळजी

चोर्ला किंवा अनमोडसारखा घाट चढून लगेच थांबायचे असल्यास इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर मंद चालू ठेवावे. टर्बोतील तेल करपण्याचे प्रमाण त्याने कमी होते. तेल ठरल्या मुदतीत बदलावे. काढलेले तेल गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. बंद डब्यात भरून ते वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

मोटार वॉरंटीत असेल, टर्बोपर्यंत हात पोहोचत नसेल किंवा बोल्ट गंजून जाम झाला असेल, तर हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे. मात्र नवी नळी, नवे वायसर आणि इंधन बंद ठेवून मारलेला सेल्फ, या तीन गोष्टींचा आग्रह तेथेही धरावा.